टॉवरखालची उमेदवारी



या सदरात मी सहसा भात, नाचणी आणि आंब्याच्या पलीकडे जात नाही. माझे शिक्षण कृषी पदवीचे आणि सारी नोकरी विस्ताराच्या कामातली. पण शेतकऱ्याच्या घरात नुसते पीक नसते, मुलेही असतात. अलीकडे करप्यावर काय फवारावे हे जितके लोक विचारतात, जवळजवळ तितकेच लोक "साहेब, ह्यो कागद जरा बघा" म्हणून खिशातून घडी केलेले पत्र काढतात. आज अशाच एका पत्राची हकिकत सांगणार आहे.

गोष्ट २०२३ च्या जुलै अखेरची. लावणी आटोपत आली होती. पाचाडजवळच्या एका वाडीतले शेतकरी, माझ्या चांगल्या ओळखीचे, गुडघ्यापर्यंत चिखल तसाच ठेवून माझ्याकडे आले. मला वाटले, खोडकिडीची तक्रार असेल. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढले. त्यांची थोरली मुलगी त्याच वर्षी लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखेची पदवी घेऊन बाहेर पडली होती. एक कागद महाडच्या औद्योगिक वसाहतीतला, ठेकेदारामार्फत काम, महिना चौदा हजार. दुसरा एका मोठ्या दूरसंचार कंपनीचा, एक वर्षासाठी 'पदवीधर शिकाऊ उमेदवार', महिना नऊ हजार.

"साहेब, पोर इंजिनेर झाली ना? मंग आता पुन्हा शिकाऊ कशापायी?" ते म्हणाले. "उमेदवारीच करायची व्हती तर दहावीनंतर सोनाराकडं ठेवली असती. चार वर्सं वाचली असती."

त्यांचे म्हणणे मला एकदम खोडून काढता येईना. उमेदवारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? शिंप्याच्या दुकानात दोन वर्षे झाडलोट करणारा, काजे-गुंड्या करणारा पोरगा. कात्रीला हात लागायचा तिसऱ्या वर्षी. पगार नाही, वर मालकाच्या घरचे पाणी भरायचे. शब्दात 'उमेद' आहे खरी, पण ती मुलाने धरायची. मालकावर कसलेच बंधन नाही. म्हणून मी त्यांना बसवले, चहा सांगितला आणि पत्र नीट वाचून काढले.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. सुरुवातीला तो आयटीआयसारख्या कारागिरीच्या धंद्यांपुरता होता. १९७३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आले. पश्चिम भारतासाठी या कामाचे मंडळ मुंबईत सायनला आहे. वर्षभराचा करार होतो, त्याची नोंद होते आणि वर्ष पुरे झाले की प्रमाणपत्र मिळते. विद्यावेतनाचा किमान आकडा २०१९ च्या नियमांनी पदवीधराला नऊ हजार व पदविकाधारकाला आठ हजार असा ठरला, आणि त्यातला निम्मा भार केंद्र शासन उचलते. असे आकडे बदलतात, तेव्हा आपल्या घरी पत्र येईल त्या वर्षीचा आकडा पाहावा. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. मात्र उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे, शिकणारा. आणि वर्ष संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही. ही शेवटची गोष्ट मी त्यांना दोनदा वाचून दाखवली, कारण पुढे गैरसमज नको. (२०२४ मध्ये राज्य शासनाची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. पुष्कळ जण दोन्ही एकच समजतात. ती वेगळी आणि सहा महिन्यांच्या मुदतीने सुरू झालेली. तिचे कागद घेऊन सायनच्या मंडळाची वाट धरू नये.)

एवढे ऐकून ते म्हणाले, "म्हंजे पाच हजार कमी, आणि नोकरीची हमी न्हाय. मंग इचारायचं काय त्यात?"

हिशेब त्यांचा बरोबर होता. तरी मी म्हटले, संध्याकाळी घरी येतो, मुलीला विचारू.

घरी आजी चुलीपाशी, वहिनी भाकऱ्या थापत होत्या, आणि मुलगी दोन्ही कागद मांडीवर घेऊन गप्प. मी तिला विचारले, "बाय, तुला काय वाटते?" ती जे बोलली ते मी अजून विसरलो नाही. ते समजण्यासाठी २०२१ चा जुलै आठवावा लागेल.

आपल्या भागात तो महिना कुणाला आठवत नाही असे नाही. २२ जुलैला सावित्री आणि गांधारी महाड शहरात शिरल्या. त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरड कोसळली. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे जे झाले होते, ते सोळा वर्षांनी पुन्हा. वीज गेली, रस्ते पाण्याखाली, फोन बंद. मदत तळियेला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. या मुलीच्या वाडीतही तीन दिवस फोनला रेघ नव्हती. तिची मावशी महाडात. ती जिवंत आहे की नाही, हे कळायला तीन दिवस लागले, आणि तेही एका माणसाने चालत येऊन सांगितले तेव्हा.

मुलगी म्हणाली, "काका, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते. कॉलेज घरूनच होतं, वर टेपावर जाऊन मोबाइलवर तास ऐकायचे. पुढं चारी वर्षं पास झाले. पण तेव्हा नेटवर्क तीन दिवस नेमकं कशानं गेलं होतं, हे मला अजून सांगता येत नाही. पुस्तकात ॲन्टेना आहे, पण आपल्या खिंडीतला टॉवर नाही."

आजी म्हणाली, "आणि नऊ हजारात पोर परगावी ऱ्हाणार?" वडील काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "जाऊ दे तिला. एक वरीस. पर साहेब, तुमच्या शब्दावर." त्या 'तुमच्या शब्दावर'ने माझी झोप पुढे बरेच दिवस उडवली.

ऑगस्टमध्ये ती पनवेलला रुजू झाली. कंपनीचे नाव मी देत नाही. सरकारी की खासगी तेही सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते कुठेही घडू शकते आणि घडते.

पहिले चार महिने तिला टॉवर खालूनसुद्धा दाखवला नाही. काम काय, तर टॉवरच्या डिझेलची बिले संगणकात भरणे, नोंदवह्या लावणे, झेरॉक्स काढणे. तीन मुलींत मिळून एक खोली, तिच्या वाट्याला भाडे बावीसशे. खानावळ अठ्ठावीसशे, आणि ती चपाती-भाजीपुरती, कारण तांदूळ घरचा नेऊन खोलीवर भात लावायच्या. जाणे-येणे आणि फुटकळ खर्च धरून महिन्याला अडीच हजार उरायचे. पण पहिले विद्यावेतन हातात पडले तेच दोन महिने उशिरा. त्या दोन महिन्यांत वडिलांनी पैसे पाठवले ते जनावरांच्या पेंडीतून काढून. दिवाळीत ती घरी आली आणि मला म्हणाली, "काका, मी नुसती कारकून झालेय. तेही स्वस्तातली." वडील ओटीवर बसून ऐकत होते. 'मी काय म्हटलं होतं' हे ते तोंडाने म्हणाले नाहीत, एवढाच त्यांचा मोठेपणा.

मला आमच्या खात्याचीच आठवण झाली. नवा पोरगा रुजू झाला की आम्ही काय करतो? त्याच्या हातात पंचनाम्याचे कोरे अर्ज देतो आणि 'फिरून ये' म्हणतो. बांधावर उभे राहून तुडतुडा कसा ओळखायचा हे शिकवायला आम्हाला वेळ नसतो. आता कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुले ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहायला येतात. योजना उत्तम आहे. पण ज्या शेतकऱ्याकडे ती राहतात तो त्यांना पाहुणे समजून खुर्ची देतो आणि ती खुर्चीत बसून वही भरतात. ज्या घरचा बाबा 'चल, आधी नांगर धर' म्हणतो, त्या घरची मुले वेगळी होऊन परततात. हे मी दर वर्षी पाहतो.

मी तिला एवढेच सांगितले की रागावून सोडून येऊ नकोस. करारासोबत प्रशिक्षणाचा कार्यक्रम असतो, कोणत्या महिन्यात काय शिकवायचे याचा. तो लेखी माग, नम्रपणे माग, आणि पत्राची प्रत स्वतःजवळ ठेव. तिने पत्र दिले. तीन आठवडे काही हलले नाही. मग एक दिवस अचानक हुकूम निघाला, महाड-पोलादपूर भागात केबलच्या कामावर जा. शिक्षा म्हणून पाठवले की शिकायला म्हणून, हे तिला आजतागायत कळलेले नाही. तिच्या पदरात पडले ते मात्र शिक्षणच.

इथे तिला भेटले एक लाइनमन, साठीच्या उंबरठ्यावरचे. त्यांची थोडी मागची गोष्ट सांगितली पाहिजे. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी भारत संचार निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. संस्था तोट्यात होती, वेतनाचा भार पेलत नव्हता, ते सारे खरे. पण त्या दिवशी कागदावर न उतरलेली किती माहिती घरी गेली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. हे लाइनमन त्यांच्यातलेच एक. निवृत्तीनंतर वर्षभर घरी बसले आणि मग या कंपनीच्या देखभाल ठेकेदाराकडे लागले. शिक्षण दहावी. मुलगी त्यांना 'मामा' म्हणू लागली. पहिल्या दिवशी त्यांनी तिला विचारले, "ताई, घाण्याऱ्या चेंबरमधी उतराल का? न्हाय तर वरनं बगा." ती उतरली.

आता केबल म्हणजे काय ते थोडे सांगतो, कारण आपल्या शेताच्या बांधालाच ती गाडलेली असते आणि आपण ती कधी पाहत नाही. आत तांबे नसते, काचेचे धागे असतात. एक धागा जेमतेम केसाएवढा, मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाचा. त्याच्याही आत प्रकाश धावतो तो गाभा त्याहून कितीतरी बारीक. प्रत्येक धाग्याला रंग, आणि रंगांचा क्रम ठरलेला: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा असा बारापर्यंत. तिने तो चैत्र-वैशाखासारखा पाठ केला. केबल तुटली की दोन्हीकडचे धागे सोलायचे, स्पिरिटने पुसायचे, टोक काटकोनात कापायचे, आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायचे. टोक किंचित तिरके कापले गेले, धुळीचा कण राहिला, बोटाचा घाम लागला, तर जोड दिसायला जोड, पण त्यातून प्रकाश गळतो. मग पुन्हा तोडा, पुन्हा जोडा.

हे ती सांगत होती तेव्हा मला हसू आले. मी म्हटले, "अगं, हे तर कलम बांधणे झाले." दापोलीला शिकत असताना कोयकलम बांधायला मला एका माळ्याने शिकवले. पंधरा दिवसांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, कलमकाडीला पाचर द्यायची, साल सालीला भिडवायची आणि पट्टी आवळायची. प्राध्यापकांनी ते फळ्यावर तासभर समजावले होते. माझी पहिली पन्नास कलमे मेली. माळ्याने माझ्या हाताकडे पाहिले आणि म्हणाला, "चाकू दोनदा चालवतोस तू. एकदाच चालव." पुढच्या पन्नासातली तीस जगली. मुलीचे पहिले वीस-पंचवीस जोड मशीनने नापास केले. मामा म्हणाले, "ताई, श्वास धरून कापा." एवढेच. कंपनीच्या प्रशिक्षण पुस्तिकेत ते वाक्य नव्हते.

खरी परीक्षा २०२४ च्या जुलैत झाली. रात्री साडेअकराला घाटाकडचे चार टॉवर एकदम मुके झाले. मामांचा फोन तिला आला, पण रात्री तिला बाहेर काढायचे नाही असा त्यांचा स्वतःचा नियम. पहाटे पाचला महाडच्या केंद्रावर गेले. तिथे एक यंत्र असते, ओटीडीआर म्हणतात. ते धाग्यात प्रकाशाचा ठोका सोडते आणि तुटक्या टोकावरून तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर सांगते. विहिरीत हाक मारून खोली अजमावावी तसे. यंत्राने दाखवले सात किलोमीटर चारशे मीटर. मुलगी म्हणाली, "चला मामा, सात चारशेवर खणू." मामा हलले नाहीत. म्हणाले, "ताई, ते केबलीचं अंतर झालं. रस्त्याचं न्हवं. वाटंत पाच ठिकाणी वेटोळी टाकून ठेवलीत, पुढं जोडाला लागंल म्हणून. ती वजा करा. मोरीपाशी रस्ता रुंद केला तवा केबल आत घेतली, तिथं आणखी वाढली." हिशेब करता जागा शंभरेक मीटर अलीकडे आली. तिथे रस्त्याची कड पावसाने खचली होती आणि केबल दरीवर धोतरासारखी लोंबत होती. पाऊस थांबेना. दोघांनी आणि दोन मजुरांनी ताडपत्री धरली, तिच्याखाली बसून तिने चोवीस धागे जोडले. साडेअकराला चारही टॉवर बोलू लागले. पहिला फोन आला तो ठेकेदाराचा. "फोटो पाठवा लगेच, बिलाला लागतो."

त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि २०२१ च्या प्रश्नाचे उत्तर तिने मला एका कागदावर काढून दाखवले. आधी वीज जाते. मग टॉवर बॅटरीवर चालतो, ४८ व्होल्टची बॅटरी, जुनी झाली असेल तर काही तासच. मग जनरेटर. त्याचे डिझेल संपले की ते आणायला रस्ता लागतो, आणि रस्ता तर पाण्याखाली. त्यातच केबल दरडीबरोबर गेली असेल, तर डिझेल असूनही टॉवर मुकाच, कारण त्याला मागे बोलायला वाट नाही. "काका, दोन बाजूंनी दोन वेगळ्या वाटांनी केबल आणली असती, तर एक तुटली तरी दुसरी चालली असती. आपल्याकडे पुष्कळ टॉवर एकाच दोरीला बांधलेले आहेत." हे तिला पदवीच्या पुस्तकातही भेटले असणार. पण लोंबणारी केबल पाहिल्यावर ते तिचे झाले.

असल्या शिक्षणाला परदेशात आता मोठा मान आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून 'पदवी उमेदवारी' सुरू झाली. बारावी झालेला मुलगा बीटीसारख्या मोठ्या दूरसंचार कंपनीत पहिल्या दिवसापासून पगारावर लागतो, कामाच्या वेळातलाच काही भाग विद्यापीठासाठी राखलेला असतो, आणि तीन-चार वर्षांनी पदवी व अनुभव दोन्ही घेऊन निघतो. तिथे साध्या पदवीची फी वर्षाला नऊ हजार पौंडांहून अधिक आहे आणि मुले ती कर्ज काढून भरतात. या उमेदवाराची फी कंपनी आणि सरकार भरते. आपल्याकडे २०२० च्या अर्थसंकल्पात दीडशे संस्थांतून असे अभ्यासक्रम काढण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम दिले. त्यात पदवी शिकतानाच किमान एक सत्र उमेदवारीत जाते आणि त्याचे गुण धरले जातात. आपल्या मुलीसारखे आधी चार वर्षे फळा आणि मग एक वर्ष चिखल, असे दोन तुकडे होत नाहीत. मला ही रीत अधिक पटते. बियाणे एका हंगामात आणि खत पुढच्या हंगामात, असे आपण कधी करत नाही.

आणि आपल्या देशाला अशा हातांची गरज नाही असे कुणी समजू नये. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, तेव्हा नुकत्याच पदव्या घेतलेल्या तरुणांनी १२८ जोडण्यांचे खेड्यांसाठीचे टेलिफोन केंद्र तयार केले. धूळ आणि उकाड्यात, वातानुकूलन यंत्राशिवाय चालेल असे. पहिले १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसले. त्याच संस्थेचे तंत्र आज भारत संचार निगमच्या देशी फोर-जी जाळ्याच्या गाभ्यात आहे. ते २७ सप्टेंबर २०२५ ला देशाला अर्पण झाले. फोनची रेघच न पोहोचलेल्या २४,६८० गावांपर्यंत फोर-जी नेण्याचा निर्णय केंद्राने २०२२ मध्येच घेतला होता. टॉवर उभा करायला ठेकेदार मिळतो. तो पुढची वीस वर्षे पावसाळ्यात चालता ठेवायला माणूस लागतो, आणि तो माणूस आपल्या डोंगरातला असेल तर त्याला वेटोळी कुठे आहेत ते ठाऊक असते.

आता पैशाचे सांगतो, कारण वडिलांना ते सांगणे भाग होते. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्ष संपले, प्रमाणपत्र मिळाले आणि कंपनीने हात जोडून निरोप दिला. नोकरी नाही. गणपती, नवरात्र, दिवाळी ती घरीच होती. कापणी तिनेच अर्धी उरकली. मग टॉवर देखभालीचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराने तिला माणगाव भागासाठी घेतले, महिना सोळा हजार. तिच्या वर्गातली जी मैत्रीण त्या वर्षी औद्योगिक वसाहतीत चौदा हजारांवर लागली, ती तोपर्यंत सतरावर पोहोचली होती. वडिलांनी हा हिशेब मला बोटांवर करून दाखवला, "वरसाचे साठ हजार, मधले तीन म्हैने, आणि वर हजार कमीच." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आकडे त्यांचे खरे आहेत. माझे म्हणणे इतकेच की मैत्रिणीला उद्या दुसरीकडे जायचे झाले तर ती काय करू शकते हे तिला सांगावे लागेल. या मुलीला मशीन समोर ठेवले की पुरे. यावर ते 'बगू' म्हणाले. अजून बघतच आहेत.

पण माझा शब्द अर्धाच खरा ठरला, हे मी मान्य करतो. तो खरा झाला तो मामांमुळे. ते भेटले नसते तर वर्षभर डिझेलची बिले भरून ती परत आली असती आणि मला त्यांच्या ओटीवर बसायला तोंड राहिले नसते. म्हणून हल्ली कुणी असे पत्र आणले की मी कंपनीचे नाव शेवटी वाचतो. आधी विचारतो, काम कार्यालयात की जागेवर? शिकवणार कोण, त्याला किती वर्षे झाली? शिकण्याचा महिनावार कार्यक्रम कागदावर आहे का? विद्यावेतन कितव्या तारखेला आणि कोणत्या खात्यावर? कराराची नोंद झाली आहे का, की नुसत्या लेटरहेडवरचे पत्र आहे? एका पालकाने मला सांगितले, एवढे विचारले तर मुलाला घेणारच नाहीत. कदाचित नाही घेणार. बैल घेताना आपण दात पाहतोच की, आणि त्यावर आजवर कुणी विकणारा रागावलेला मी पाहिला नाही.

आणखी एक. मुलगी असेल तर 'टॉवरवर चढावे लागेल का' हा प्रश्न आई हटकून विचारते. चढण्याचे काम वेगळे, त्याला पट्टा, प्रशिक्षण आणि परवानगी लागते, आणि उमेदवाराला त्याशिवाय चढवू नये. मुलालाही नाही. जमिनीवर शिकण्यासारखे त्याहून पुष्कळ आहे. तरी चेंबर साफ करताना विंचू निघतो हे वहिनींना मुलीने अजून सांगितलेले नाही, आणि हा अंक त्यांच्या घरी जातो याची मला कल्पना आहे.

तिचा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. त्याला पदवी शिकतानाच उमेदवारी देणारा अभ्यासक्रम हवा आहे, बहिणीसारखे दोन तुकडे नकोत म्हणतो. बहीण माणगावहून रविवारी येते आणि दोघे मिळून कोणत्या महाविद्यालयाचा खरा आणि कोणाचा नुसता जाहिरातीतला याची चौकशी करत असतात. त्यांना जे कळेल ते प्रवेशाच्या आधी याच सदरात देईन. तोवर ज्यांच्या घरी असे पत्र आले असेल त्यांनी सही करण्यापूर्वी मूळ कागद घेऊन मला भेटावे. मोबाइलवरचा फोटो पाठवू नये, त्यातली बारीक अक्षरे मला दिसत नाहीत आणि महत्त्वाचे नेमके तिथेच लिहिलेले असते.